मुक्त पतनाचं किट: स्टँड नको, एक डबा पुरे

दहावीच्या विज्ञान भाग १ मधला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, आणि मुक्त पतन (फक्त गुरुत्वाच्या ओढीने पडणं) त्यातच येतं. जूनमध्ये शाळा उघडली की मुलं जी म्हणजे गुरुत्व त्वरण, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, पाठ करतात, त्यावरची गणितं पण सोडवतात, पण हे ९.८ आलं कुठून आणि आपल्याला ते मोजता येईल का, हा प्रश्न बहुतेक वर्गांत निघतच नाही कारण मोजायला काही नसतं. मी ठाणे-नवी मुंबईकडच्या कळवा, दिघा, ऐरोली या पट्ट्यातल्या शाळांमध्ये प्रयोगाचं सामान घेऊन जाते. एका शाळेत मुक्त पतनाचं तयार यंत्र कपाटात होतं, जड लोखंडी स्टँड, वर इलेक्ट्रोमॅग्नेट, बाजूला एक बंद डबा आणि त्यावर चमकणारे आकडे. बटण दाबलं, बॉल पडला, आकडा आला, मुलांनी वहीत उतरवला, संपलं. वेळ मोजायला सुरुवात नक्की कधी झाली आणि ती थांबली कशामुळे हे सगळं त्या डब्याच्या आत, मुलांना दिसतच नाही.

माझं ठाम मत असं आहे की शिकवायचं यंत्र उघडं असावं, त्याची प्रत्येक वायर मुलांना बोटाने दाखवता यावी, आणि ते बॅगेत टाकून लोकलने नेता यावं. खाली जे किट सांगतेय ते स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या एका मोठ्या डब्यात मावतं (एक चपटं पॅड तेवढं सोडून), त्याला स्टँड लागत नाही, आणि सगळं मिळून सहाशे-सातशे रुपयांच्या आत बसतं (दुकानागणिक थोडं इकडे तिकडे होईल). तीन टप्प्यांत करायचं आहे: आधी कानाने ऐकायचं, मग मोबाईलने मोजायचं, मग स्वतःचा टायमर बनवायचा. थेट तिसऱ्यावर उडी मारू नका, पहिल्या टप्प्याला खर्च जवळजवळ शून्य आहे आणि मुलांच्या डोक्यात खरा प्रकाश तिथेच पडतो.

दोरा, नट आणि थाळी

लागणार काय तर जाड सुती दोरा, मध्यम आकाराचे लोखंडी नट दहा आणि एक स्टीलची थाळी. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात हे सगळं एका फेरीत मिळतं, थाळी घरचीच घ्या. दोरा नायलॉनचा नको, तो ताणला जातो आणि मग गाठींची अंतरं बदलतात.

पहिल्या दोऱ्याला खालच्या टोकाला एक नट बांधा, ते शून्य. तिथून ४० सेंटीमीटरवर दुसरा, मग ८०, १२० आणि १६० वर. म्हणजे सगळे सारख्या अंतरावर. दुसऱ्या दोऱ्याला पण पाच नट, पण अंतरं वेगळी: शून्य, १०, ४०, ९० आणि १६० सेंटीमीटर. दोन्ही दोऱ्यांना वर धरायला वीतभर जास्तीचा दोरा ठेवा. मोजताना दोरा जमिनीवर सैल पसरून मोजू नका, वरून धरून नट लोंबू द्या आणि तशा ताणलेल्या दोऱ्यावर टेप लावा. गाठ मारली की नट एक-दोन सेंटीमीटर सरकतोच, तेव्हा गाठ घट्ट करायच्या आधी परत एकदा मोजा.

आता थाळी जमिनीवर पालथी ठेवा, तिच्या एका कडेखाली खोडरबर सरकवा म्हणजे ती जराशी तिरकी होईल आणि पडलेले नट घसरून बाजूला जातील, नाहीतर नटावर नट पडून आवाज गोंधळतो. बाकावर किंवा खुर्चीवर उभं राहून दोरा असा धरा की सगळ्यात खालचा नट थाळीला जेमतेम टेकेल. वर्गाला डोळे मिटायला सांगा. आणि सोडा.

सारख्या अंतराच्या दोऱ्याचे आवाज जवळ जवळ येत जातात, शेवटचे तर एकमेकांवर चढतात. हिशोबाने त्यांच्यातली वेळ २८६, मग ११८, मग ९१, मग ७७ मिलिसेकंद अशी घटत जाते. दुसरा दोरा सोडला की टक टक टक टक, चारही ठोके सारख्या वेळाने, दर ठोक्यात १४३ मिलिसेकंद. हे ऐकल्यावर मुलं गप्प होतात आणि मग परत सोडा म्हणून मागे लागतात, तेव्हा परत सोडाच, हवं तेवढ्या वेळा सोडा.

मग फळ्यावर दुसऱ्या दोऱ्याची फक्त अंतरं लिहायची: १०, ४०, ९०, १६०. आणि नटांमधली फट: १०, ३०, ५०, ७०. एक, तीन, पाच, सात. विषम संख्यांचा हा क्रम गॅलिलिओने सतराव्या शतकात शोधला, तोही अचूक घड्याळ नसताना. त्याने उतारावरून गोळा सोडून पडणं हळू केलं आणि वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी तोलून बघितलं. हा भाग वर्गात जरूर सांगा कारण मुलांना वाटतं विज्ञान महागड्या यंत्रातूनच निघतं.

दिघ्याच्या एका वर्गात दोरा सोडल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "ताई, वरचा नट तर किती लांबून येतोय, मग तो उशीर का नाही करत?" मी उत्तर दिलं नाही. तिला पुढे बोलावलं आणि दोरा तिच्या हातात दिला, ती नटांवरून बोट फिरवत वर गेली आणि मधेच थांबून म्हणाली, "त्याला जास्त वेळ मिळतो स्पीड पकडायला." एवढं झालं की सूत्र लिहायची वेळ आली असं समजायचं: अंतर बरोबर अर्धा गुणिले जी गुणिले वेळेचा वर्ग. वेळ दुप्पट तर अंतर चौपट.

मोबाईलचं घड्याळ

दुसऱ्या टप्प्याला फायफॉक्स नावाचं ॲप लागतं. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठातल्या लोकांनी बनवलंय, फुकट आहे, जाहिराती नाहीत. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे, पहिला आवाज आला की सुरू, दुसरा आला की बंद.

टेबलाच्या कडेबाहेर लाकडी पट्टीचं टोक काढा, टोकावर एक नट ठेवा, खाली थाळी. आता स्टीलच्या चमच्याने पट्टीला आडवा फटका मारायचा, पट्टी नटाखालून निसटते, फटक्याच्या आवाजाने घड्याळ सुरू होतं आणि नट थाळीवर आपटला की थांबतं. ॲपमध्ये दोन गोष्टी सेट करायच्या. एक म्हणजे आवाजाची किमान पातळी, ती वर्गाच्या गोंगाटापेक्षा वर ठेवा. दुसरी म्हणजे कमीत कमी वेळ, ती ०.२ सेकंद ठेवा, नाहीतर फटक्याचाच घुमणारा आवाज घड्याळ थांबवतो. शाळा रेल्वेलाईनला लागून असेल तर गाडी जाईपर्यंत थांबायचं, दुसरा इलाज नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे जी मला फार आवडते. मोबाईल थाळीजवळ जमिनीवर ठेवला तर वरच्या फटक्याचा आवाज त्याच्यापर्यंत यायला वेळ लागतो. आपल्याकडच्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. एक मीटर पडायला ४५२ मिलिसेकंद लागतात, त्यातले ३ गेले की जीची किंमत सव्वा-दीड टक्का जास्त दिसते. उपाय सोपा: मोबाईल पट्टी आणि थाळी या दोघांपासून सारख्या अंतरावर धरा, दोन्ही आवाज सारखेच उशिरा पोहोचतात. मोठ्या मुलांना आधी चूक होऊ द्या, मग मोबाईल हलवा, फरक त्यांनाच शोधू द्या.

स्लो मोशन व्हिडिओचं मला कुणी ना कुणी विचारतंच. चालतं, पण मोबाईल सेकंदाला ६० फ्रेमच घेत असेल तर दोन फ्रेममध्ये जवळपास १७ मिलिसेकंद, आपल्या कामाला ते जाड पडतं.

आता टायमर: आधी सामान

एक आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा बोटभर सर्किट बोर्ड), साधी कॉपी चालते. मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलात तर दोन पैसे कमी पडतात, नाहीतर ऑनलाईन मागवा. सोबत त्याची यूएसबी केबल आणि एक ओटीजी (ती केबल मोबाईलला जोडायचा छोटा ॲडॅप्टर), म्हणजे अँड्रॉइड मोबाईललाच जोडता येतं, वेगळा डिस्प्ले नको आणि वेगळी बॅटरी पण नको. पॉवर बँकवर चालवायला जाऊ नका, नॅनो इतकी कमी वीज घेते की बऱ्याच पॉवर बँकना वाटतं काही जोडलेलंच नाही आणि त्या थोड्या वेळात आपोआप बंद होतात, ऐन वर्गात.

१२ मिलिमीटरचे स्टीलचे बॉल चार-पाच. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महाप्याच्या एमआयडीसीकडे बेअरिंगवाल्यांकडे विचारा. सायकलच्या दुकानातले छर्रे यापेक्षा बरेच लहान असतात, ते चिमट्यात नीट बसत नाहीत. बॉलला तेल लागलेलं असतं, ते साबणाने धुऊन पुसून घ्या, आपल्याला वीज त्यातून न्यायची आहे.

मग कपड्याचा लाकडी चिमटा (क्राफ्टवाले लहान नाहीत, नेहमीचे), पितळी डोक्याच्या ड्रॉइंग पिना, स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉईल, प्लास्टिकच्या फाईलची दोन कव्हरं, स्टेशनरीत मिळते ती दोन मिलिमीटर जाडीची फोम शीट, तीन मीटर बारीक दोन पदरी वायर दोन तुकडे, ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर, एक छोटा सी क्लॅम्प आणि वीतभर लांबीचा लाकडी ठोकळा.

सोडणारा चिमटा

इलेक्ट्रोमॅग्नेट मी मुद्दाम टाळते. करंट बंद केला तरी लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं, बॉल काही मिलिसेकंद चिकटून राहतो आणि घड्याळ मात्र आधीच धावायला लागलेलं असतं. त्यापेक्षा बॉललाच स्विच करू.

चिमट्याच्या दोन्ही जबड्यांच्या आतल्या बाजूला समोरासमोर एकेक ड्रॉइंग पिन टोचा. पिनेचं टोक जबड्याच्या बाहेर येतं, त्याला वायर गुंडाळा आणि सोल्डर करा. पिनेचं डोकं आधी पॉलिश पेपरने घासा कारण कधीकधी त्यावर लॅकर (वार्निशसारखा थर) असतो आणि तो वीज अडवतो. आता चिमटा ठोकळ्यावर असा बसवा की त्याचा एक पाय ठोकळ्याला स्क्रूने पक्का, दुसरा मोकळा, आणि जबडे ठोकळ्याच्या कडेबाहेर. बॉल दोन पिनांच्या मधे धरला की एका पिनेतून वीज बॉलमधून दुसऱ्या पिनेत जाते, सर्किट पूर्ण. मोकळा पाय दाबला की एक जबडा बाजूला होतो, बॉल सुटतो, सर्किट तुटतं. सुटणं आणि घड्याळ सुरू होणं एकाच क्षणी, आणि मुलांना ते डोळ्यांनी दिसतं.

पाय दाबताना हळूहळू दाबायचा नाही, एकदम झटक्यात. हळू दाबलं तर बॉल स्थिर जबड्याला घासत सुटतो आणि तिरका जातो.

खालचं पॅड

फाईलचं कव्हर कापून साधारण ए४ आकाराचे दोन तुकडे करा. दोन्हीच्या एका बाजूला फॉईल चिकटवा, सुरकुती न पाडता, आणि कडेला एक सेंटीमीटर जागा मोकळी सोडा. फोम शीटचा तेवढाच तुकडा घेऊन त्यात तीन-तीन सेंटीमीटरच्या चौकोनी खिडक्या कापा, मधल्या पट्ट्या अर्धा सेंटीमीटर ठेवा. खाली एक कव्हर फॉईल वर करून, त्यावर फोम, त्यावर दुसरं कव्हर फॉईल खाली करून, चारी बाजूंनी टेप. बॉल आपटला की वरची फॉईल खिडकीतून खाली दबते आणि खालच्या फॉईलला टेकते. पट्टीच्या बरोबर वर पडला तर कधीकधी लागत नाही, तो थ्रो सोडून द्यायचा.

ॲल्युमिनियमला साधं सोल्डर चिकटत नाही, त्यात वेळ घालवू नका. वायरचं टोक दोन इंच सोलून उघडी तार फॉईलवर पसरा, फॉईलची कड तिच्यावर दोनदा दुमडा आणि स्टेपल करा. स्टेपलची पिन पलीकडच्या फॉईलला टेकत नाही ना एवढं बघा. पॅड एखाद्या खोक्याच्या झाकणात ठेवा आणि झाकणाच्या कडेने जुना टॉवेल गुंडाळून लावा, बॉल बाकांखाली गेला की अर्धा तास त्यातच जातो.

दोन मिलिमीटरची ही फट पार करायला बॉलला एक मिलिसेकंद पण लागत नाही, तेव्हा त्याची काळजी नको.

जोडणी आणि प्रोग्रॅम

जोडणी अगदी थोडी. चिमट्याची एक वायर नॅनोच्या ग्राउंडच्या पिनेला, दुसरी डी २ या पिनेला. पॅडची एक वायर ग्राउंडला, दुसरी डी ३ ला. डी २ आणि डी ३ दोन्हीपासून एकेक ४.७ किलोओहमचा रेझिस्टर पाच व्होल्टच्या पिनेला. नॅनोच्या आत स्वतःचे पुलअप (पिनेला पाच व्होल्टकडे ओढून धरणारे रेझिस्टर) असतात पण तीन मीटर वायरला ते कमी पडतात, शेजारून पंख्याची किंवा ट्यूबलाईटची लाईन गेली असेल तर खोटे सिग्नल येतात.

प्रोग्रॅम पंचवीस-तीस ओळींचा होतो, शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना किंवा अकरावी-बारावीच्या कुणाही हौशी मुलाला खालचा तर्क समजावून सांगा, तो लिहून देईल. डी २ जोपर्यंत ग्राउंडला जोडलेला आहे तोपर्यंत प्रत्येक फेरीत आत्ताची वेळ सुरुवात म्हणून साठवत राहायची, त्यासाठी मायक्रोज हे फंक्शन वापरायचं, नॅनोवर ते ४ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी वेळ सांगतं. म्हणजे बॉल सुटला की साठवलेली शेवटची वेळ हीच सुटण्याची वेळ. हे असं का, तर चिमटा उघडताना पिना थरथरतात, संपर्क क्षणभर तुटतो आणि परत जुळतो, पहिल्यांदा तुटला तेव्हाच घड्याळ सुरू केलं तर वेळ जास्त दिसते. शेवटचा संपर्क धरला की तो प्रश्नच मिटतो. खाली बरोबर उलट: डी ३ पहिल्यांदा ग्राउंडला टेकला ती शेवटची वेळ, आणि त्यानंतर दोन सेकंद कानाडोळा, कारण बॉल पॅडवर उड्या मारतो. मग वजाबाकी करून मिलिसेकंदात आकडा छापायचा. बॉल हवेत असताना काही छापायचं नाही, त्यात वेळ जातो.

नॅनोवरची छोटी एलईडी पण वापरा: बॉल चिमट्यात नीट बसला आणि सर्किट पूर्ण झालं की ती पेटावी. मुलांना लगेच कळतं की तयार आहे.

कॉपीच्या नॅनोला प्रोग्रॅम चढत नसेल तर दोनच कारणं बहुतेक वेळा निघतात. कॉम्प्युटरमध्ये सीएच ३४० चा (कॉपीवरच्या यूएसबी चिपचा) ड्रायव्हर नसतो, किंवा आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरच्या यादीत ओल्ड बूटलोडरवाला पर्याय निवडायचा राहिलेला असतो. मोबाईलवर आकडे बघायला कुठलंही सिरियल टर्मिनल ॲप चालतं, बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग) प्रोग्रॅममध्ये जो दिला तोच तिथे द्यायचा.

वर्गात लावताना

सरकारी असो की खासगी, वर्गाला खिडकी असते आणि खिडकीला ग्रिल. ठोकळा सी क्लॅम्पने ग्रिलच्या उभ्या गजाला आवळायचा, झालं तुमचं स्टँड. खिडकी नसेल तर बाकावर बाक चढवू नका, दाराची कड किंवा कपाट वापरा.

बॉल नक्की कुठे पडेल हे आधी काढायचं. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा, चिमट्याच्या बरोबर खाली सोडा, जिथे टेकेल तिथे पॅडचा मध्य. पंखा बंद करायला लागतो, नाहीतर ओळंबा झुलत राहतो. जूनमध्ये मुलं कुरकुर करतात तेव्हा ओळंबा लावून झाला की पंखा परत सुरू करा, स्टीलच्या बॉलला पंख्याच्या वाऱ्याने या उंचीवर काही होत नाही.

उंची मोजायची ती बॉलच्या तळापासून पॅडच्या पृष्ठभागापर्यंत. बॉलच्या मध्यापासून किंवा चिमट्यापासून नाही. ४० सेंटीमीटरमध्ये अर्धा सेंटीमीटर चुकला तर जी सव्वा टक्क्याने बदलतो, तेव्हा टेपला दोन मुलं लावा, एक वर बघणारं, एक खाली वाकून बघणारं.

आता मुख्य गोष्ट, उंच्या कुठल्या घ्यायच्या. माझ्या मते या पूर्ण किटचा जीव इथे आहे. ४० सेंटीमीटर आणि १६० सेंटीमीटर, या दोनच घ्या. ४० साठी पॅड बाकावर ठेवा आणि खाली-वर पुस्तकं सरकवून नेमकी उंची आणा. प्रत्येक उंचीला पाच वेळा टाका, आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला घ्या. पाच आकडे एकमेकांपासून दोन-तीन मिलिसेकंदांत असतील तर उत्तम, दहाच्या वर फरक असेल तर चिमट्याची पिन घासायला झाली.

कुठल्याही यंत्रात थोडा ठरलेला उशीर असतो, कुठे चिमटा, कुठे पॅड, कुठे वायर. समजा तुमचा उशीर ८ मिलिसेकंद आहे आणि तुम्हाला ते माहीत नाही. ४० सेंटीमीटरला खरे २८६ लागतात, तुम्हाला २९४ दिसतील. त्यावरून जी काढला तर ९.२६ येतो. १६० ला खरे ५७२, दिसतील ५८०, जी येतो ९.५१. दोन्ही चूक, आणि दोन्ही वेगवेगळे चूक. आता वजाबाकी करा: ५८० वजा २९४, २८६. उशीर दोन्हीकडे सारखा होता, तो उडाला. आणि १६० हे ४० च्या चौपट असल्यामुळे खरी वेळ बरोबर दुप्पट, म्हणजे वजाबाकीत जे उरलं तीच ४० सेंटीमीटर पडायची खरी वेळ. वर्गमूळ नाही, आलेख नाही. ०.४ मीटरची दुप्पट ०.८, तिला ०.२८६ च्या वर्गाने भागा, ९.७८ येतो. दहावीच्या मुलाला कॅल्क्युलेटरवर एका मिनिटात जमतं.

मग पुढचा डाव. बॉल टाकायच्या आधी मुलांना विचारा, ९० सेंटीमीटरला काय आकडा दिसेल? दोऱ्यावरचे नट आठवायला सांगा: १०, ४०, ९०, १६०, सारखे ठोके. ४० ला दोन ठोके, ९० ला तीन, १६० ला चार. एक ठोका १४३ चा, म्हणून ९० ला ४२९, आणि आपल्या यंत्राचा उशीर ८, तर ४३७. आकडा फळ्यावर लिहून ठेवायचा आणि मगच बॉल सोडायचा. वर्गाने आधी सांगितलेला आकडा मोबाईलवर उमटतो तेव्हा कळव्याच्या मुलांनी बाक वाजवले होते. पुस्तकातल्या कुठल्याही सोडवलेल्या उदाहरणाने हे होत नाही.

अकरावी-बारावीला चार-पाच उंच्या घ्या आणि आडव्या अक्षावर उंचीचं वर्गमूळ, उभ्यावर वेळ असा आलेख काढायला लावा. सरळ रेषा येते, ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो यंत्राचा उशीर आणि चढावरून जी.

उत्तर ९.८१ च यायला पाहिजे असा हट्ट धरू नका. जी पृथ्वीवर सगळीकडे सारखा नाही, विषुववृत्तावर साधारण ९.७८, ध्रुवांवर ९.८३, आणि ठाणे-मुंबईच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला ९.७९ च्या आसपास. या किटवर ९.६ ते ९.९ मधे काहीही आलं तर ते चांगलं काम आहे, आणि मुलांनी आकडा आहे तसा लिहावा. पुस्तकाशी जुळवायला आकडा बदललेला दिसला तर त्यावर रागवण्यापेक्षा परत मोजायला लावा.

जड-हलकं

हा प्रश्न येणारच. दोन आकाराचे स्टीलचे बॉल असतील तर दोन्हींचे आकडे घ्या, फरक हाताला लागणार नाही. मग टेबल टेनिसचा बॉल. तो २.७ ग्रॅमचा आणि ४० मिलिमीटर व्यासाचा असतो, चिमट्यात मावत नाही, म्हणून त्याला फॉईलची एक बारीक पट्टी चिकटवा आणि त्या पट्टीचं वर आलेलं टोक पिनांमधे धरा. इतका हलका बॉल पॅड दाबेलच असं नाही, तेव्हा त्याच्यासाठी थाळी आणि मोबाईलचं घड्याळ जास्त बरं. १६० सेंटीमीटरला तो स्टीलच्या मागे पडलेला स्पष्ट दिसतो, हवा अडवते म्हणून. स्टीलच्या बॉलला याच उंचीवर हवेमुळे होणारा फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. हवा नसेल तर काय हे विचारणाऱ्यांना अपोलो १५ चा व्हिडिओ दाखवा, ऑगस्ट १९७१ मध्ये डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडी आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं आणि दोन्ही एकदम खाली आले.

एका गोष्टीबद्दल मात्र कडक राहा. हे बघून मुलांना सोसायटीच्या गॅलरीतून काहीतरी टाकून बघायची इच्छा होते. चौथ्या मजल्यावरून, १२ मीटरवरून सोडलेला बॉल दीड सेकंदात खाली येतो आणि तेव्हा त्याचा वेग ताशी ५५ किलोमीटर असतो. हे गणित वर्गातच करून घ्या, फळ्यावर, म्हणजे नुसतं नको म्हणण्यापेक्षा जास्त पटतं.

बॅगेत आणि पावसात

डब्यात ठेवताना नॅनो आणि ओटीजी वेगळ्या झिपच्या पिशवीत, बॉल दुसऱ्या छोट्या डबीत, नट लावलेले दोरे पुठ्ठ्यावर गुंडाळून, नाहीतर पुढच्या वेळी गाठी सोडवण्यातच तास संपतो. पॅड डब्यात मावत नाही, ते बॅगेच्या पाठीकडच्या कप्प्यात उभं ठेवा, दुमडू नका. थाळी घरून न्यायची नसेल तर शाळेच्या पोषण आहाराच्या भांड्यांतून मागून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेने स्टीलच्या बॉलवर गंज धरतो आणि एलईडी पेटेनाशी होते. बॉल वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, डबीत सिलिका जेलची पुडी टाका (नवीन चपला-बॅगांबरोबर येते तीच), आणि पिनांवर दर वर्गाआधी पॉलिश पेपरचा एक हात फिरवा. पॅडची वरची फॉईल वापरून वापरून खळगे पडतात आणि एके दिवशी खालच्या फॉईलला कायमची टेकून बसते, तेव्हा एक जास्तीचं पॅड नेहमी सोबत ठेवा. नवीन पॅड बनवायचं काम वर्गातल्या मुलांनाच द्या, एका तासिकेत होतं, आणि फोमच्या खिडक्या कापायला त्यांची बोटं आपल्यापेक्षा बरी चालतात. शाळेत एखादे विज्ञानाचे सर किंवा मॅडम रस दाखवत असतील तर दोरे आणि थाळीचा पहिला टप्पा त्यांच्याकडेच ठेवून या, दोऱ्याच्या पुठ्ठ्यावर नटांची अंतरं पेनने लिहून.